ताटाची डावी बाजू

आपल्या भागात जेवायला बसलेला माणूस "आज भाकरी कशाची?" असे सहसा विचारीत नाही. भाकरी ठरलेलीच असते. ज्वारीची, नाहीतर बाजरीची. तो विचारतो, "आज कोरड्यास काय हाय?" कोरडी भाकरी ज्याच्याबरोबर घशाखाली उतरते ते कोरड्यास. शहरातली मंडळी त्याला तोंडीलावणे म्हणतात. पंगतीच्या पानात चटणी, कोशिंबीर, लोणचे हे सारे डावीकडे वाढतात. म्हणून त्याला ताटाची डावी बाजू असेही नाव आहे.

मी परळीत इतिहास शिकवतो. इतिहासाच्या पुस्तकांत राजे येतात, तह येतात, सनावळी येते. पण ताटाची डावी बाजू काही येत नाही. आज आपण ती वाचून पाहू. वाचता वाचता थोडे लांब जावे लागेल, समुद्रापलीकडे क्यूबा नावाचे एक बेट आहे तिथपर्यंत. पण घाबरू नका, दिवेलागणीच्या आत आपण परळीला परत येऊ.

दर वर्षी नव्या वर्गात मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारतो : "तुमच्या घरात केला जाणारा सगळ्यांत जुना पदार्थ कोणता?" मुले थोडा वेळ एकमेकांकडे पाहतात, आणि मग मागच्या बाकावरून ठरलेले उत्तर येते, "सर, मिरचीचा ठेचा!" सारा वर्ग हसतो, पण उत्तर सगळ्यांना पटलेले असते. तव्यावर भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, मूठभर शेंगदाणे, आणि तांब्याच्या बुडाने तिथेच तव्यावर रगडलेला तो गोळा. याहून आपले, याहून जुने दुसरे काय असणार?

आता गंमत पाहा. या ठेच्यातली मिरची पाचशे वर्षांपूर्वी आपल्या देशात नव्हती. शेंगदाणाही नव्हता. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई यांच्यापैकी कोणीही मिरची पाहिलेली नाही. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई दळण दळीत होती, त्या काळात घराच्या परसात मिरचीचे झाड असणे शक्यच नव्हते.

मग आपली माणसे तिखट खात नव्हती काय? खात होती. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांना लागून बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. हे कल्याण चालुक्यांची राजधानी होते. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या भोजनाचे एक प्रकरणच आहे. मांडे आहेत, पुऱ्या आहेत, वडे आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत. तिखटपणासाठी आहे ती मिरी आणि आले, वासासाठी हिंग आणि जिरे. मिरचीचे नाव नाही. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. त्याने अकबराच्या मुदपाकखान्याचा बारीकसारीक हिशेब दिला आहे. त्यातही मिरी सापडते, मिरची सापडत नाही.

पण मिरी हा राजाचा आणि सावकाराचा मसाला. तिचा वेल मलबारच्या पावसात वाढतो. बालाघाटाच्या डोंगरात, आमच्या मुरमाड रानात तो कुठून यायचा? मिरी म्हणजे रोख पैसे मोजून आणायची वस्तू. गरिबाची डावी बाजू हुलगा, तीळ, जवस, कारळे, ताक आणि रानातला पाला यांवर चालत असली पाहिजे. यांतला हुलगा तर दख्खनच्या अगदी जुन्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांत उकरून काढलेल्या दाण्यांतही सापडतो. तेव्हा मुलांनी मला विचारले की, "सर, मग सगळ्यांत जुनं काय?" तर मी सांगतो, "बाबांनो, ठेचा नव्हे; आजीच्या हातचं हुलग्याचं माडगं." हे उत्तर त्यांना फारसे आवडत नाही.

आता आपण बेटाकडे जाऊ. कोलंबस स्पेनहून निघाला तो हिंदुस्थानच्या आणि चीनच्या वाटेवर. सोने आणि मसाले मिळवायला. २८ ऑक्टोबर १४९२ रोजी त्याची गलबते क्यूबाच्या किनाऱ्याला लागली. त्याला वाटले, आपण आशियाला पोचलो. त्याने दोन माणसे आतल्या मुलखात धाडली, चीनच्या सम्राटाला भेटायला! त्यांना सम्राट भेटला नाही. भेटले ताईनो जातीचे लोक, पानांची सुरळी पेटवून तिचा धूर ओढणारे. तंबाखूशी युरोपची ही अगदी सुरुवातीची ओळख.

या ताईनो लोकांच्या जेवणाची मांडणी ऐका, म्हणजे ओळखीची वाटेल. कसावा नावाचे कंद किसून, पिळून, त्याच्या पिठाची गोल पातळ भाकर ते मातीच्या तव्यावर भाजीत. तिला म्हणत कासाबे. तिच्याबरोबर शेंगांचे दाणे, मासा, रताळे, आणि तिखट म्हणून एक लाल फळ. त्या फळाला ते 'आही' म्हणत. म्हणजे मधे तव्यावरची भाकर आणि बाजूला कोरड्यास! ही कासाबे आजही क्यूबात भाजली जाते. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने क्यूबा, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास आणि व्हेनेझुएला या पाच देशांची मिळून तिला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले.

ते लाल फळ म्हणजे आपली मिरची. कोलंबस मिरी शोधायला गेला आणि मिरची घेऊन आला. ती स्पेनला गेली, पोर्तुगिजांच्या हाती लागली. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला, आणि त्यांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपल्या लोकांनी नव्या पाहुणीला नाव काय दिले पाहा. संस्कृत मरीच, त्यावरून मिरी, आणि मिरीसारखी तिखट म्हणून मिरची. नावातच तिच्या येण्याची नोंद राहून गेली आहे.

ती घाट चढून दख्खनभर पसरली, याचे कारण उघड आहे. तिला मलबारचा पाऊस लागत नाही. सांडपाण्यावर, परसात, न्हाणीच्या कडेला ती येते. वाळवली की वर्षभर टिकते. एका झाडाच्या मिरच्यांत घर निघते. जो तिखटपणा आजवर पैसे टाकून घ्यावा लागत होता, तो प्रथमच गरिबाच्या दारात उगवला. तेव्हा मिरची ही नुसती चव नव्हे. ती एका अर्थाने गरिबाला मिळालेली मोकळीक होती.

आणि मिरची एकटी आली नाही. बटाटा हा आपला शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि त्यांच्याकडे तो आला या ताईनो लोकांच्या भाषेतून. तिथे 'बटाटा' म्हणजे रताळे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे त्याची शेती फैलावली ती एकोणिसाव्या शतकात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण सीताफळाचे मूळही तिकडलेच. आता महाशिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाची रांग संपवून आपण घरी येतो तेव्हा उपवासाच्या ताटात काय असते? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचे काप, बटाट्याची भाजी, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा लाडू. यातला साबुदाणा त्याच कसाव्याच्या कंदाचा. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्याचे कारखाने निघाले. राजगिऱ्याचे दाणेही अमेरिकेतले. भगर तेवढी जुनी. म्हणजे ज्या दिवशी आपण सगळ्यांत सोवळ्यात जेवतो, त्या दिवशी ताट बहुतेक सारे पाहुण्यांचे असते. देवाने त्याला हरकत घेतल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

श्रोतेहो, इथवर आपण काय आले ते पाहिले. आता काय गेले ते पाहू. कारण माझ्या मते आजच्या गोष्टीचे मर्म तिथे आहे.

आपल्या देशातून त्या बेटांकडे ऊस गेला. उसाचे मूळ आणखी पूर्वेला, न्यू गिनीकडे आहे. पण रसापासून साखरेचे खडे करण्याची विद्या हिंदुस्थानची. आपली 'शर्करा' अरबांच्या तोंडी 'सुक्कर' झाली, स्पेनमध्ये 'असूकार' झाली. अरबांनी ऊस भूमध्य समुद्रापर्यंत नेला, आणि कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत उसाच्या कांड्या कॅनरी बेटांवरून त्या नव्या मुलखात नेल्या. पुढे क्यूबात ऊसच ऊस झाला. एकोणिसाव्या शतकात जगातल्या साखरेच्या मोठ्यात मोठ्या बाजारांत क्यूबाचे नाव वर होते.

पण ऊस लावला म्हणजे तो तोडायला माणूस लागतो. ताईनो लोक तोवर रोगराईने आणि सक्तीच्या मजुरीने जवळजवळ संपले होते. म्हणून आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम करून आणली गेली. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. १८४७ पासून चीनमधून करारावर मजूर आणले. शेजारच्या त्रिनिदाद बेटावर तर १८४५ पासून आपल्याच देशातले गिरमिटिये उतरले. कशासाठी? ऊस तोडायला.

आज क्यूबाच्या घरात जे जेवण 'आजीच्या हातचे' म्हणून वाढतात, ते या सगळ्यांनी मिळून घडवलेले आहे. मधे भात, भात जुन्या जगातला. त्यात काळ्या घेवड्याचे दाणे शिजवतात, घेवडा अमेरिकेचा. या पदार्थाला ते 'मूर आणि ख्रिस्ती' म्हणतात. काळे दाणे मूर, पांढरा भात ख्रिस्ती. बाजूला उकडलेला कसावा, त्यावर लसूण, आंबट संत्र्याचा रस आणि गरम तेल ओततात. चुरचुरणारी ही फोडणी आपल्या बायांना लगेच कळेल. आणखी एका कडेला कच्च्या केळ्याच्या चकत्या. एकदा तळायच्या, ठेचून चपट्या करायच्या आणि पुन्हा तळायच्या. केळे आशियातले, आणि त्याला जीव लावून वाढवणारे हात आफ्रिकेतले. घेवड्याच्या भांड्यात कांदा, लसूण आणि ढोबळी मिरची परतून घालतात. पण ती मिरची तिखट नसते! ज्या बेटांवर कोलंबसाला मिरची भेटली, तिथले आजचे जेवण सौम्य आहे. आणि ज्या परळीचे नाव त्याने ऐकलेही नव्हते, तिथे ठेच्यावाचून घास उतरत नाही.

फर्नांदो ओर्तीस नावाचा क्यूबाचा थोर अभ्यासक होऊन गेला. १९३९ साली हवाना विद्यापीठातल्या व्याख्यानात त्याने आपल्या देशाला 'आहियाको'ची उपमा दिली. आहियाको म्हणजे कंद, मका, मांस, जे हाती येईल ते घालून चुलीवर रटरटत ठेवलेले कालवण. नाव त्या 'आही'वरून, मिरचीवरून आलेले. त्याचे म्हणणे असे की, आमची संस्कृती हे तयार होऊन बसलेले कालवण नव्हे. ती अजून चुलीवर आहे, अजून तीत काही ना काही पडते आहे. मला हे म्हणणे आपल्यालाही लागू वाटते.

आता सांगितल्याप्रमाणे परळीला येऊ.

महाराष्ट्रात साखर कारखाने वाढले तसा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा झाला. दसरा-दिवाळी झाली की गावे रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जायचे. कोपीत राहायचे, पहाटेच्या अंधारात तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायच्या आणि उजाडायच्या आत फडात उतरायचे. दुपारी उसाच्या सावलीत फडके सुटते. त्यात भाकरी असते आणि ठेचा, नाहीतर चटणी असते. कारण तिला शिजवावे लागत नाही, ती नासत नाही, आणि थोडकीच पुरते. ऊस आपल्याकडून क्यूबाच्या बेटांवर गेला, मिरची तिकडून इकडे आली. आणि ही देवघेव बीडच्या मजुराच्या फडक्यात येऊन एकत्र बसली. कोयत्याखाली ऊस, भाकरीवर मिरची.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझी माय कोयत्यावर जात होती. आम्ही तीन भावंडे आजीजवळ गावात राहायचो, शाळेसाठी. निघायच्या आदल्या रात्री माय चुलीवर कारळे भाजायची. कारळे, लसूण, मीठ, लाल तिखट, उखळात कुटून एका चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची आणि आजीला सांगायची, "आत्याबाई, लेकरांना पुरवून पुरवून द्या." आम्हाला महिने मोजता येत नव्हते. आम्ही बरणी मोजायचो. बरणी अर्धी झाली म्हणजे संक्रांत, आणि चमचा बुडाला लागून वाजायला लागला की माय येणार. कधी कधी माझा धाकटा भाऊ चटणी खायचाच नाही. भाकरी पाण्यात भिजवून खायचा. आजीने विचारले तर म्हणाला, "बरणी संपली तर मायचा वास संपंल." ते ऐकून आजी चुलीकडे तोंड करून बसली. तिने नंतर काय केले असेल? गुपचूप स्वतः चटणी कुटून बरणीत भर घालत राहिली. आम्हाला चवीतला फरक कळत होता, पण आम्ही कोणी बोललो नाही.

म्हणून मला 'परंपरा' हा शब्द उच्चारताना थोडा अडखळायला होते. परंपरा म्हणजे कोणी तरी एकदा भरून ठेवलेली बरणी नव्हे. ती रोज थोडी संपते, आणि कोणी तरी, बहुतकरून घरातली बाई, काही न बोलता तीत भर घालते. मिरची आली तेव्हा असेच झाले असणार. कोण्या एका घरातल्या बाईने मिरीऐवजी ते नवे लाल फळ तिळाच्या चटणीत घालून पाहिले असेल. तिचे नाव कोणत्याच बखरीत नाही. पण कोणत्याही सरदाराच्या स्वारीपेक्षा तिची ती करामत जास्त टिकली.

टंचाईत तर ही डावी बाजूच घर सांभाळते. क्यूबात १९६२ साली रेशनपुस्तिका सुरू झाली. तांदूळ, घेवडा, तेल मोजून मिळू लागले, आणि तिथल्या बायांनी त्यातूनच रोजचे ताट मांडले. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. आजी सांगायची, "त्या मिलोची भाकर चामड्यावाणी व्हायची. पण चटणी झणझणीत असली म्हंजे माणूस भाकरीची चव इचारीत नाही." हे हसत सांगायची. त्या हसण्यामागे काय होते, ते मला पुढे कळले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आज शहरांतल्या हॉटेलांत 'गावरान ठेचा-भाकर' म्हणून मोठ्या कौतुकाने थाळी विकली जाते. कौतुक जरूर करावे. पण ठेचा ही केवळ आवड नव्हती, पुष्कळ वेळा ती निरुपायाची गोष्ट होती, हे विसरू नये. ज्या घरात डावी बाजू होती आणि उजवी बाजू रिकामी होती, त्या घराच्या चवीचे गोडवे गाताना त्या घराच्या भुकेचा हिशेबही मांडावा. आणि आजही दिवाळीनंतर आपल्या शाळांतल्या कितीतरी मुलांच्या घरी आजी आणि बरणी एवढेच उरते. तो मुलगा वर्गात मागे बसलेला असतो. डबा झाकून खातो. त्याच्या डब्यात भाजी नाही, चटणीच आहे, म्हणून त्याला लाज वाटते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. अशा मुलाला एक दिवस सगळ्या वर्गासमोर उभे करा आणि सांगा, की तुझ्या डब्यातली मिरची साता समुद्रांपलीकडून आली आहे, कारळे आफ्रिकेतून आले आहेत, ज्वारीही हजारो वर्षांपूर्वी तिकडूनच आली आहे. आणि या सगळ्यांना एकत्र आणून त्यांचे कोरड्यास तुझ्या मायने केले आहे. नकाशा भिंतीवर असतोच. त्यावर बोट ठेवून दाखवा. मग प्रत्येक मुलाला घरून एक पान लिहून आणायला सांगा : आमच्या घरी कोणती चटणी करतात, कशात कुटतात, आजीने ती कोणाकडून घेतली, दुष्काळात काय खाल्ले. येसर कसे भाजतात, खारोड्या कोणत्या महिन्यात घालतात, हरभऱ्याचा पाला कसा वाळवून ठेवतात, हे सांगणारी माणसे आज घरात आहेत. उद्या असतीलच असे नाही. या पानांचा जो गठ्ठा होईल, तो आपल्या गावाचा इतिहास. त्याला कोणत्याही विद्यापीठाच्या शिक्क्याची गरज नाही.

आणि घरी ऐकत असलेल्या मायबहिणींना काय सांगू? तुम्ही जे जाणता ते लहान आहे असे समजू नका. पोराने वही घेऊन विचारले तर "जा रे, त्यात काय लिहायचंय" असे म्हणून त्याला परत पाठवू नका. बसवून घ्या जवळ. सांगा.

आमच्या घरातली ती बरणी अजून आहे. तिचा काठ एका जागी उडाला आहे. माय आता थकली. उखळ जाऊन मिक्सर आला. पण कारळे भाजायला ती कोणाला हात लावू देत नाही. परवा माझ्या मुलीने तिला विचारले, "आजी, किती तिखट घालायचं?" माय म्हणाली, "लेकरं किती दिवस एकटी राहणार, त्यावर असतंय ते."

मुलीने ते तसेच वहीत लिहून घेतले आहे.